क्योटोस फुले पाहावयास जाण्यापूर्वी

काशीस जावयाचे ठरविले आणि महिनाभर उशीर झाला, तरी विश्वेश्वर कोठे जात नाही. रामेश्वराचा समुद्र, वेरूळचे कैलास लेणे, आग्र्याचा ताज यांचेही तसेच. आपण आपल्या सवडीने जावे. ती वाट पाहत उभीच असतात. फुले पाहावयास निघालेल्याचे मात्र तसे नाही. त्याचे दैवत वर्षातून एकदाच, सात-आठ दिवसांपुरते प्रकट होते, आणि कोणत्या तिथीस प्रकट होईल हे कोणत्याच पंचांगात लिहिलेले नसते. जपानातील क्योटो नगरीत वसंत ऋतूत फुलणाऱ्या चेरीची, म्हणजे तेथील भाषेतील साकुराची, शोभा पाहण्यास अलीकडे आपल्याकडील कुटुंबेही जाऊ लागली आहेत. विमानाचे तिकीट चार-सहा महिने आधी काढावे लागते, मुक्कामाची जागा त्याहूनही आधी धरावी लागते, आणि ज्यांच्याकरिता हा सर्व खटाटोप त्या फुलांची तारीख मात्र भरवशाने कळते ती अखेरच्या पंधरवड्यात. हा पेच कसा सोडवावा याचा खल आमच्या घरी गेले काही महिने चालू आहे. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले व ठरविले ते इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे मांडीत आहे.

प्रथम झाड कोणते ते पाहू. फुलांकरिता लावलेल्या या चेरीचे फळ बारीक व कडवट असते. खाणारा त्याच्या वाटेस जात नाही. आज जपानात जिकडे तिकडे जी दिसते ती ‘सोमेइ योशिनो’ नावाची जात होय. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या शहराच्या कडेला सोमेइ नावाचे माळ्यांचे गाव होते. तेथील रोपवाटिकांतून एकोणिसाव्या शतकात ही जात सर्वत्र पसरली. दोन निराळ्या जातींच्या संकरातून झालेले हे झाड बीजापासून जसेच्या तसे उतरत नाही. त्याचे कलमच बांधावे लागते. रत्नागिरीच्या हापूसची कोय पेरून हापूसच मिळेल अशी खात्री नसते, हे आपल्याकडे कोणासही ठाऊक आहे, न्याय तोच. परिणाम असा की, देशभरची ही सारी झाडे म्हणजे जणू एकाच झाडाची अंगे होत. म्हणून एका गावातील सर्व झाडे एकदमच फुलतात आणि एकदमच झडतात. आपल्या पळस-पांगाऱ्याप्रमाणे पानांच्या आधी फूल येते, त्यामुळे फांदी झाकून जाते आणि फिक्या गुलाबी, जवळजवळ पांढऱ्या पाकळ्यांचा ढग खाली उतरल्याचा भास होतो. या शोभेचे रहस्य हेच, आणि प्रवाशाच्या अडचणीचे मूळही हेच.

फुलण्याची वेळ ठरते कशी? कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. शरद ऋतू सरला की त्या झोपी जातात. काही आठवडे कडक थंडी अंगावरून गेल्यावाचून त्यांची झोप उघडत नाही, आणि ती उघडल्यानंतर जसजशी ऊब मिळेल तसतशी कळी वाढू लागते. तोक्योकडे एक लोकप्रिय ठोकताळा आहे. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तपमानाची बेरीज करीत जावे. ती ६०० अंशांस पोहोचली की फुले उमलू लागतात. रोजचे कमाल तपमान सरासरीने १२ अंश धरले, तर त्यास ५० दिवस लागतील, म्हणजे २२ मार्च. तेच सरासरीने १३ अंश झाले, तर बेरीज ४७ व्या दिवशी, म्हणजे १९ मार्चलाच पुरी होते. आपल्या जुन्या अंकगणितातील व्यस्त त्रैराशिकाचे हे नमुनेदार उदाहरण आहे. घरातील मुलांस हे गणित अवश्य घालावे. एका अंशाच्या फरकाने तीन दिवस मागेपुढे होतात हे त्यांच्या ध्यानी आले म्हणजे फुलांची तारीख दूरवरून का सांगता येत नाही, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. गुढीपाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. पण चंद्राच्या गतीचे गणित पक्के असल्यामुळे पाडव्याची तारीख कित्येक वर्षे आधी सांगता येते. साकुराचा पाडवा आकाशावर नव्हे, हवेवर अवलंबून आहे.

जपानी लोकांनी या अनिश्चिततेलाही एक शिस्त लावली आहे. तेथील सरकारी वेधशाळेने गावोगावी एकेक नमुन्याचे झाड नेमलेले आहे. त्या झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसली की ‘फुलू लागले’ असे जाहीर होते. कळ्यांपैकी आठ-दशांश उमलल्या की ‘पूर्ण बहर’ जाहीर होतो. अशी नोंद १९५३ पासून होत आहे. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीप्रमाणे क्योटो येथे फुलण्यास आरंभ २६ मार्चच्या सुमारास आणि पूर्ण बहर ४ एप्रिलच्या सुमारास येतो. त्यानंतर आठवडाभरात झाड रिते होऊ लागते. मध्ये जोराचा पाऊस झाला तर त्याहूनही लवकर. बहराचा अंदाज वर्तविण्याचे काम वेधशाळेने २०१० पासून सोडून दिले असून आता ते खाजगी हवामान-कंपन्या करतात. त्यांचे अंदाज जानेवारीपासूनच निघू लागतात. तथापि ते पुढे वरचेवर सुधारले जातात, हे लक्षात ठेवूनच वाचावे.

क्योटोची गोष्ट या बाबतीत जगात अनन्यसाधारण आहे. इ. स. ७९४ पासून हजाराहून अधिक वर्षे ती जपानची राजधानी होती. इ. स. ८१२ मध्ये सागा सम्राटाने शिन्सेनएन नावाच्या राजोद्यानात फुले पाहण्याचा समारंभ केल्याची नोंद तेथील इतिहासग्रंथात आहे. त्या उद्यानाचा लहानसा अवशेष निजो किल्ल्याच्या दक्षिणेस आजही पाहावयास मिळतो. तत्पूर्वी चीनच्या अनुकरणाने आलुबुखाराच्या जातीच्या ‘उमे’ या फुलाचा मान मोठा होता. पुढे तो साकुराकडे गेला. दरबारी सरदार व मठवासी भिक्षू आपल्या रोजनिशीत फुलांच्या समारंभाचा दिवस टिपून ठेवीत. आओनो यासुयुकी नावाच्या ओसाकातील विद्वानाने या शेकडो वर्षांच्या रोजनिशा धुंडाळून क्योटोच्या पूर्ण बहराच्या तारखांची बाराशे वर्षांची मालिका जुळविली. एखाद्या झाडाच्या फुलण्याचा इतका दीर्घ लेखी पुरावा अन्यत्र सापडणे कठीण. त्या मालिकेवरून असे दिसते की, एकोणिसाव्या शतकापर्यंत पूर्ण बहर बहुधा एप्रिलच्या मध्यास येत असे. अलीकडे तो त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किंवा त्याहीपूर्वी येतो. २०२१ मध्ये तो २६ मार्चला आला, आणि इतक्या लवकर बहर आल्याची त्याआधीच्या बाराशे वर्षांत नोंद नव्हती. पृथ्वीची वाढती उष्णता व शहराची स्वतःची ऊब ही त्याची कारणे सांगितली जातात. तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेल्या तारखांवर विसंबून कोणी तिकीट काढू नये.

मग करावे काय? पुष्कळ प्रवासी पूर्ण बहराचा नेमका दिवस गाठण्याचा अट्टाहास करतात. तो साधणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. साधला तर आनंद. न साधला तर खर्च, श्रम व रजा सर्व पाण्यात गेल्यासारखे वाटून घरातील माणसे एकमेकांवर चिडतात. क्योटोत राहून गेलेल्या केन्को नावाच्या भिक्षूने चौदाव्या शतकात लिहिलेल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न केलेला आहे. फुले काय पूर्ण बहरातच पाहावयाची असतात? उमलण्याच्या बेतात असलेली डहाळी आणि पाकळ्यांचा सडा पडलेले अंगण यांतच पाहण्यासारखे अधिक असते, असा त्याचा अभिप्राय. हा केवळ विरक्ताचा उपदेश समजू नये. प्रवासाची आखणी करणाऱ्यास हा अत्यंत व्यवहारी सल्ला आहे. जपानी भाषेने तर या प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र नाव दिले आहे. फुलांच्या दिवसांत अवचित परतणाऱ्या थंडीस ‘हानाबिए’ म्हणतात, वाऱ्याबरोबर उडणाऱ्या पाकळ्यांच्या वादळास ‘हानाफुबुकी’, पाण्यावर तरंगत जाणाऱ्या पाकळ्यांच्या तराफ्यास ‘हानाइकादा’, आणि फुले गळून कोवळी पाने आलेल्या झाडास ‘हाझाकुरा’. ज्या भाषेत इतके शब्द आहेत त्या देशात कोणताच दिवस वाया गेला असे होत नाही. म्हणून आमचा निर्णय असा झाला की, एका दिवसाची शिकार करावयाची नाही; आठ-दहा दिवसांचे जाळे असे विणावयाचे की, बहर लवकर येवो वा उशिरा, आपल्या वाट्यास काही ना काही यावेच.

क्योटोत हे शक्य आहे, कारण तेथे साकुराची एकच जात नाही. सोमेइ योशिनो एकदम येऊन एकदम जात असली, तरी तिच्या मागेपुढे इतर जाती फुलत असतात. हिरानो देवस्थानात सुमारे साठ प्रकारची झाडे असून तेथील बहर महिनाभराहून अधिक काळ रेंगाळतो. माऱुयामा उद्यानातील लोंबत्या फांद्यांचे प्रसिद्ध झाड सोमेइ योशिनोच्या सुमारास किंवा किंचित आधी फुलते. तेथील मूळ वृक्ष १९४७ मध्ये वठला. आजचा त्याचाच वंशज आहे. हेइआन देवस्थानाच्या बागेतील लोंबत्या फांद्यांची गडद गुलाबी फुले काहीशी मागाहून येतात. सर्वांत शेवटी, सामान्यतः एप्रिलच्या मध्याच्या सुमारास, निन्नाजी मठातील ओमुरो साकुरा फुलते. ही झाडे ठेंगणी, पुरुषभर उंचीहून थोडीच अधिक, त्यामुळे फुले थेट डोळ्यांसमोर येतात. जपानी भाषेत ‘हाना’ म्हणजे फूल आणि ‘हाना’ म्हणजे नाकही. म्हणून या बुटक्या झाडांची ‘नकटी’ अशी थट्टा तेथील लोक करतात. श्लेषाची आवड असणाऱ्या आपल्या वाचकांस हे ऐकून जपानी मनुष्य अगदीच परका वाटणार नाही. तेव्हा ३ एप्रिल ते १२ एप्रिल असा मुक्काम धरला, तर बहर सरासरीप्रमाणे आल्यास तो पूर्णत्वाने दिसेल, उशिरा आल्यास उमलताना दिसेल, आणि लवकर येऊन गेल्यास कालव्यावरील पाकळ्यांचा तराफा, हेइआनची बाग व ओमुरोची नकटी झाडे यांवर भिस्त ठेवता येईल.

आता माणसांविषयी. आमचे घर एकत्र आहे. थोरले बंधू शहात्तर वर्षांचे, वहिनी त्र्याहत्तर वर्षांच्या. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि नववीत शिकणारा नातू. वहिनींचा मुलगा ओसाकास नोकरीस असून त्याची तेथील मुदत येत्या उन्हाळ्यात संपते. ओसाकाहून क्योटो आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. म्हणजे भाषा जाणणारे घरचे माणूस हाताशी असण्याचा हा शेवटचाच वसंत. घरातील कित्येकांची आजारपणे, दोन वृद्धांची अखेरची शुश्रूषा आणि न मोजता येण्याजोगे पाहुणे यांत वहिनींची पन्नास वर्षे गेली. त्यांनी स्वतःकरिता काही मागितल्याचे मला स्मरत नाही. मुलाने पाठविलेली छायाचित्रे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, हे गुडघे चालते आहेत तोवर होईल का हो?” या प्रश्नास ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर देता येण्याजोगे नव्हते.

अडचण आली ती नातवाच्या परीक्षेची. आपल्याकडील शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलात, आणि साकुराही एप्रिलात. अशा वेळी मुलाची आई घरी राहावयाची, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की, सूनबाईंनी न विचारताच आपले नाव यादीतून काढून टाकले होते. परंतु जिना उतरताना वहिनींस जो हात लागतो तो सूनबाईंचाच. दुसऱ्या कोणाच्या हातावर त्या निर्धास्तपणे भार टाकीत नाहीत. अण्णांनी, म्हणजे थोरल्या बंधूंनी, शेवटी निकाल दिला. “परीक्षा मुलाची आहे, त्याच्या आईची नाही. बाप घरी राहील.” चिरंजीवांनी ते विनातक्रार मान्य केले आणि दुसऱ्याच दिवसापासून वरणभाताचा कुकर लावण्याचा सराव सुरू केला. फुलांच्या तारखेपेक्षा हा प्रश्न मोठा होता असे मला वाटते. कारण कुटुंबाच्या प्रवासात कोण जातो याइतकेच कोण घरी राहतो यालाही महत्त्व असते, आणि तो प्रत्येक वेळी तोच असू नये.

वृद्ध माणसे बरोबर असता स्थळांची निवड प्रसिद्धीवरून न करता पायांवरून करावी. कियोमिझु मंदिराची वाट चढाची व गर्दीची आहे. केआगे येथील ५८२ मीटर लांबीचा जुना रूळमार्ग फुलांनी सुंदर सजतो. १८९० मध्ये पुऱ्या झालेल्या बिवा सरोवराच्या कालव्यातील नावा तेथे गाड्यांवर चढवून चढउतार करीत. परंतु त्या रुळांमधील खडीवरून दुखऱ्या गुडघ्यांनी चालणे कठीण; ती शोभा कडेने पाहावी. त्याच कालव्याच्या शाखेवरील ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ सुमारे दोन किलोमीटरांचा आहे. निशिदा कितारो हे क्योटो विद्यापीठातील तत्त्वज्ञ तेथे फिरत असत म्हणून हे नाव पडले. तो सगळा चालण्याची गरज नाही. पाव भाग चालून बाकावर बसावे. याउलट बसल्या बसल्या पाहण्यासारख्याही जागा आहेत. हेइआन देवस्थानाजवळच्या कालव्यात फुलांच्या दिवसांत छोटी नाव चालते. अर्ध्या तासाच्या आत फेरी होते आणि दोन्ही काठांवरची झाडे डोक्यावर ओणवलेली असतात. कितानो मार्गावरील लहान विद्युत्गाडी नारुताकी व उतानो या स्थानकांमध्ये सुमारे दोनशे मीटर साकुराच्या बोगद्यातून जाते. कामो नदीचा काठ सपाट असून तेथे बसण्यास पैसे पडत नाहीत. सकाळी सातच्या सुमारास एक स्थळ, दुपारी विश्रांती, सायंकाळी नदीकाठ, असा दिनक्रम आम्ही आखला आहे. एका दिवसात चार स्थळे उरकणारा प्रवासी फुले मोजतो, पाहत नाही.

शहराच्या आग्नेयेस असलेला दाइगोजी मठ मात्र कोणी चुकवू नये. खालचा मठ बराचसा सपाट आहे. वरचा मठ डोंगरावर असल्याने तो सोडून द्यावा. तेथील पाच मजली मनोरा इ. स. ९५१ मधील असून क्योटो शहरातील सर्वांत जुनी इमारत म्हणून तो ओळखला जातो. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९८ च्या वसंतात येथे जो पुष्पोत्सव केला तो इतिहासात गाजलेला आहे. त्याकरिता सुमारे सातशे झाडे आणवून लावली होती, आणि निमंत्रितांत तेराशेच्या आसपास माणसे, बहुतांशी स्त्रिया, होती. सारा देश ज्याच्या आज्ञेत होता त्या पुरुषाने आपल्या घरच्या बायकामुलांसह फुलांखाली तो दिवस काढला. त्याच वर्षीच्या शरदात त्याचा अंत झाला.

पाऊस लागला तर काय करावे, हेही आधीच ठरवून ठेवावे. संस्कृताशी ज्यांचा परिचय आहे त्यांस क्योटोत पावसाचा दिवस हा लाभच वाटेल. तोजी मठाच्या व्याख्यानमंदिरात हंसांवर बसलेला ‘बोन्तेन’ आणि हत्तीवर बसलेला ‘ताइशाकुतेन’ अशा प्राचीन मूर्ती आहेत. हे दोघे म्हणजे आपले ब्रह्मदेव व इंद्र. सान्जूसान्गेन्दो नावाच्या लांबलचक मंदिरात सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या एक हजार एक मूर्ती असून, त्यांच्या रक्षक देवतांत बासरी वाजविणारा ‘कारुरा’, म्हणजे गरुड, उभा आहे. नवव्या शतकात कूकाई हा आचार्य चीनमधून मंत्रमार्ग घेऊन आला. त्याच्या संप्रदायात बीजाक्षरे आजही सिद्धम् या भारतीय लिपीत लिहिली जातात. स्मशानातील लाकडी फळ्यांवर ती अक्षरे दिसतात. आपल्या देशात जी लिपी वाचणारे विरळा झाले, ती साता समुद्रांपलीकडे श्राद्धकर्मात जिवंत आहे, हे पाहून कोणाही संस्कृतज्ञाचे पाय तेथे थबकतील.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय पर्यटकांस व्हिसा लागतो; २०२४ पासून त्याची संगणकाद्वारे सोय झाली आहे. ओसाकाच्या कान्साइ विमानतळावरून क्योटोस थेट आगगाडी असून सव्वा तासाच्या आसपास लागतो. मुक्कामाचे दर फुलांच्या दिवसांत फार चढतात. शिवाय शहराचा माणशी कर निराळा. म्हणून जागा धरताना ती अमुक तारखेपर्यंत विनादंड सोडता येईल अशी अट पाहून घ्यावी, आणि शक्य तर स्वयंपाकाची सोय असलेली जागा घ्यावी. कारण शाकाहारी माणसाची खरी परीक्षा तेथे अन्नात होते. नुसत्या भाजीचे वा शेवयांचे दिसणारे सारदेखील बहुधा सुकविलेल्या माशाच्या अर्कात शिजविलेले असते. मठांतून मिळणारे ‘शोजिन’ भोजन मात्र निखालस शाकाहारी. नान्झेनजी मठाच्या परिसरात सोयाबीनच्या दुधाचे मऊ चक्के कढत पाण्यातून वाढतात, तेथेही आधी सारासंबंधी विचारून घ्यावे. पोहे, मेतकूट, भाजणी, सुकी चटणी बरोबर असावी. ताजी फळे, भाज्या व बी-बियाणे नेण्यावर तेथे कडक निर्बंध आहेत, ती नेऊ नयेत. साकुराच्या खारविलेल्या पानात गुंडाळलेला, आत गोड वाटल्या डाळीचे पुरण असलेला तांदळाचा ‘साकुरामोची’ अवश्य चाखावा. हळदीच्या पानातील पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांस पानाचा वास पदार्थात उतरविण्याची ही कल्पना ओळखीची वाटेल. दिवसा हवा सुखद असली तरी पहाटे व रात्री सात-आठ अंशांपर्यंत उतरते. ज्येष्ठांस लोकरीची बंडी, कानटोपी व पायमोजे हवेतच.

वागण्याचे नियमही जाणून असावे. फांदी वाकवू नये, झाड हलवून पाकळ्या पाडू नयेत. केराचे डबे रस्त्यावर क्वचितच असतात; आपला कचरा पिशवीत घालून मुक्कामी आणावा. गिओन भागातील खाजगी गल्ल्यांत पर्यटकांस २०२४ पासून मज्जाव केलेला आहे, कारण तेथील नर्तिकांचा छायाचित्रांच्या हव्यासाने छळ होऊ लागला होता. परक्याच्या गावी आपण पाहुणे आहोत, ग्राहक नव्हे, हे मुलांस निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

जपानचा खर्च ज्यांस झेपणारा नाही किंवा ज्यांची रजा एप्रिलात जमत नाही, त्यांस एक पर्याय आपल्याच देशात आहे. आपल्या वैद्यकग्रंथांत चंदन व उशीर यांच्या जोडीने येणारा ‘पद्मक’ हा वृक्ष म्हणजे हिमालयातील रानटी चेरीच होय. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो वसंतात न फुलता शरदाच्या शेवटी फुलतो. मेघालयातील शिलाँग शहर नोव्हेंबरात त्याच्या गुलाबी फुलांनी भरून जाते, आणि २०१६ पासून तेथे त्याचा उत्सवही होऊ लागला आहे. येथेही बहर एखाददुसरा आठवडा मागेपुढे होतोच; पण आपल्याकडील दिवाळीची सुटी त्याच सुमारास येते. परीक्षेमुळे क्योटोस मुकणारा आमचा नातू त्या सुटीत आपल्या आईवडिलांबरोबर शिलाँगला जाणार आहे. त्यामुळे घरात कोणाच्या मनात किल्मिष राहिले नाही.

शेवटी एक सूचना. क्योटोच्या बाराशे वर्षांच्या नोंदी कोणा एका मोठ्या संस्थेने ठरवून केलेल्या नाहीत. रोजनिशी लिहिणाऱ्या माणसांनी आपल्या अंगणापुरते जे टिपले, त्यातून त्या उभ्या राहिल्या. आपल्या दारचा पळस कोणत्या दिवशी फुलला, आंब्यास मोहोर केव्हा आला, बहाव्याचा पहिला घोस कधी दिसला, हे भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहिण्यास पैसा पडत नाही की प्रवासही लागत नाही. आमच्या घरी हे काम नातवाकडे दिले आहे. आम्ही क्योटोस असू तेव्हा येथला बहावा फुलू लागला तर ती तारीख त्याने टिपावयाची, आणि तेथल्या तारखा वहिनींनी. दोन्ही वह्या पुढे एकत्र ठेवण्यात येतील.